मंडी मोहल्ल्यातली शाळा बघायला गेले तेव्हा

"मुकी असेल ग, पाप! सकाळपासनं नुसतं वहीत बरीत बसली आहे."

शिलाई मशीन मध्येच थांबलं होतं, म्हणून वाक्य स्वच्छ ऐकू आलं. बोलणारी रुक्मा. मंडी मोहल्ल्यातल्या पद्माअक्कांच्या ब्लाउज शिवायच्या दुकानात हुक आणि काजं करायला येते. मी दुकानाच्या पायरीवर बसले होते, तिच्यापासून चार हातांवर.

"फोनवर इंग्लिश बोलली की मघाशी," ती गिऱ्हाइकाला सांगत होती. "तिकडची कुणी असेल. आपलं तिला काय कळतंय!"

मला सगळं कळत होतं. 'बरीत' म्हणजे लिहीत आणि 'पाप' म्हणजे बिचारी, हेसुद्धा अंदाजानं कळलं. दुसरी कुणी असती तर हसून म्हणाली असती, "अहो, मी सांगलीकडची." मी पान उलटलं आणि वहीत लिहिलं: 'म्हैसूर, शुक्रवार. इथं लोक मराठी बोलतात. माझ्याबद्दलही.'

ती वही आता समोर आहे. हरिपूरला परत येऊन हे लिहिताना तिचा उपयोग होईल असं वाटलं होतं. पण शेवटच्या दिवसाची पानं कोरी आहेत. त्याचं कारण पुढे येईलच.

मी म्हैसूर बघायला गेले नव्हते, शाळा बघायला गेले होते. माझे पती निखिल यांची बदली तिथल्या कारखान्यात झाली आहे. मुलगी ओवी आठ वर्षांची, जूनमध्ये तिसरीत जाईल. धाकटा मल्हार पहिलीत. कारखान्याजवळच्या एका खाजगी इंग्रजी शाळेनं दोघांसाठी जागा धरून ठेवली होती आणि मंगळवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. निखिलचं म्हणणं सरळ होतं. "ओवीला कन्नडचं एक अक्षर येत नाही. इंग्रजी निदान थोडं येतं. पण तू बघून ये. तू म्हणशील ते." मुलांना सांभाळायला तो घरी राहिला आणि मी एकटी निघाले. आयुष्यात पहिल्यांदा.

ओवी आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. मी तिला तिथं घातलं तेव्हा माहेरच्यांनी आठवडाभर अबोला धरला होता, कारण मी स्वतः सांगलीतल्या नावाजलेल्या इंग्रजी शाळेत शिकले. आज तीच ओवी परिपाठाला शंभर मुलांपुढे उभी राहून बातम्या वाचते, सरपंच आले तर त्यांना 'आमच्या नळाचं काय झालं?' असं विचारते. हे तिला माझ्याकडून आलेलं नाही. शाळेनं दिलं आहे. वहीच्या पहिल्या पानावर मी दोन रकाने आखले होते. डावीकडे 'आपली शाळा', उजवीकडे 'तिथली शाळा'. डावा रकाना घरूनच भरून नेला होता, आणि खरं सांगायचं तर जरा तोऱ्यात.

पद्माअक्का म्हणजे निखिलच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मावशी. मी उतरले होते त्यांच्याकडेच. वय साठीच्या पुढं, अंगानं सडपातळ, गळ्यात कायम मोजायची टेप. पूर्वी त्यांच्या घरात कापड रंगवायचा आणि छापायचा धंदा होता. आता दुकान शिलाईचं, पण बायका अजून अक्कांना रंग विचारायला येतात. साडीचा पदर उजेडात धरून अक्का म्हणतात, "हा नक्को, दोन धुण्यांत जाईल," आणि बाई मुकाट्यानं कापड बदलते. किती पिढ्या झाल्या इथं येऊन, हे त्यांना सांगता येत नाही. मराठी मात्र घरात टिकली आहे, कन्नडचा हात धरून.

"ऊटा झाला का ग तुझा?" हे त्यांचं पहिलं वाक्य. जेवण झालं का?

झालं नव्हतं. त्यांनी पानात पुरणाची पोळी वाढली. आकार आमच्यासारखाच, पण पातळ, आणि वर तूप इतकं की पोळी पोहत होती. पहिल्या वाढीला ती पोळी होती, दुसऱ्या वाढीला 'होळिगे' झाली. आमटीला सगळे 'सारू' म्हणत होते. मी भाकरीची आठवण काढली तर राग्याच्या, म्हणजे नाचणीच्या, उकडीचा एक मोठा गोळा पुढं आला. तो चावायचा नसतो, सारूत बुडवून सरळ गिळायचा असतो. मी चावला. अक्का इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

शनिवार, कारखान्याजवळची सरकारी शाळा

इथं माझी फजिती झाली. ती लिहायला नको वाटतं, पण बाकीचं त्यावरच उभं आहे.

खाजगी शाळा आदल्या दिवशी दुपारीच बघून झाली होती. स्वच्छ, शांत, काचेची दारं. आता सरकारी बघायची होती. मी इस्त्रीचा कुर्ता घातला, वही फाइलमध्ये घातली आणि शनिवारची शाळा सकाळची असते म्हणून साडेसातलाच रिक्षा केली. अनोळखी माणसाशी बोलायचं तर मी आधी मनात वाक्य तयार करते, आणि ते इंग्रजीतच तयार होतं. ते वाक्य मी फाटकापाशी म्हटलं: मला शाळा पाहायची आहे.

एवढंच. मी कोण, कशासाठी, हे दुसऱ्या वाक्यात होतं. त्याची वेळच आली नाही.

फाइल, इंग्रजी आणि मोजकं बोलणं. शिपाई आत पळाला. मुख्याध्यापक शर्ट खोचत बाहेर आले. खुर्ची आली, शहाळं आलं. दोन वर्ग एकदम उभे राहिले आणि 'गुड मॉर्निंग मॅडम' असा गजर झाला. मला तपासणीला आलेली अधिकारी समजले होते. मी तोंड उघडायला गेले तोवर एका मुलीला माझ्यापुढं उभं करून पाढे म्हणायला लावलं. ती मध्येच अडखळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी घाबरून वही उघडली, निदान तिच्याकडे बघायला नको म्हणून. वही उघडलेली बघून सर आणखी घाबरले.

चाळीस मिनिटं मी ती अधिकारी होऊन बसले. निघताना सरांनी विचारलं, "सगळं ठीक आहे ना, मॅडम?" मी मान हलवली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, उजव्या रकान्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. बघितलंच नव्हतं काही. माझ्यासाठी मांडलेलं तेवढं बघितलं होतं. आणि ती पाढ्यांची मुलगी शाळा सुटेपर्यंत घाबरलेली राहिली असेल, ते माझ्यामुळं.

अक्कांना सांगितलं. त्या टाके घालता घालता ऐकत होत्या.

"आणि तू शहाळं प्यालीस?"

"हो."

"पूर्ण?"

"हो."

"मग तपासणी झाली की ग!" त्या म्हणाल्या, आणि परत पदर डोळ्यांना.

रविवार, टी. नरसीपूर

शाळा बंद. अक्कांची नणंद नरसीपूरला असते, तिला शिवलेले ब्लाउज पोचवायचे होते. "चल, घरी बसून वही फाडशील," म्हणाल्या.

बस उसाच्या आणि भाताच्या शेतांतून जाते. पाटाचं पाणी रस्त्याला लागूनच असतं आणि दर थोड्या अंतरावर कुणीतरी त्यात काहीतरी धूत असतं. म्हैस, सायकल, भांडी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला भेटतात. आमच्या हरिपूरलाही कृष्णा आणि वारणा भेटतात, त्यामुळे मी संगम बघायला फार उत्सुक नव्हते. पण इथं पात्र रुंद आणि उथळ, मध्ये वाळूची बेटं, आणि टोपलीसारख्या गोल होड्या. नावाडी वल्ह्यानं होडी जागच्या जागी गरकन फिरवतो आणि माणसं ओरडतात. अक्काही ओरडल्या. मी ओरडले नाही, काठ घट्ट धरला. घाटावर त्यांनी नंजनगूडची केळी काढली. करंगळीएवढी छोटी. आमच्याकडं केळं म्हणजे पोटभरीचं, हे वासासाठी खायचं.

केळं सोलता सोलता अक्कांनी विचारलं, "तुला नेमकी कशाची भीती वाटती ग? शाळा म्हटली की शाळा. पोरं शिकतात."

मी अक्कांना जे सांगितलं ते निखिललाही कधी सांगितलं नव्हतं. कदाचित त्या माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होत्या म्हणून जमलं असेल.

मी सहा वर्षांची असताना मला त्या इंग्रजी शाळेत घातलं. घरी सगळं मराठी. वर्गात नियम असा, की बाहेर जायचं असेल तर उभं राहून इंग्रजीत पूर्ण वाक्य विचारायचं. मला ते वाक्य येत नव्हतं. पहिल्या आठवड्यातच एकदा मी खूप वेळ थांबले, आणि मग थांबता आलं नाही. बाईंनी मला ओल्या स्कर्टनिशी दाराजवळ उभं केलं. मुलं हसली. ते वाक्य मी त्याच दिवशी पाठ केलं, आजही झोपेत म्हणून दाखवीन. पण तेव्हापासून कुणाशीही बोलायचं तर आधी मनात वाक्य तपासून घेते. वर्षभर मी वर्गात बोलले नाही. रिपोर्टवर लिहून आलं, 'शांत आणि शिस्तीची मुलगी'.

"ओवी बोलते, अक्का," मी म्हणाले. "तिला माझ्या हातानं मुकं करायचं नाही मला. कन्नड शाळेत नाही आणि त्या काचेच्या दारांच्या शाळेतही नाही. पण कुठलीतरी निवडायची तर आहे."

अक्कांनी सालं गोळा करून कागदात गुंडाळली. सांत्वन वगैरे केलं नाही. "मी शिकले त्या शाळेत उद्या जाऊ," त्या म्हणाल्या. "सातवीपर्यंत शिकले मी, आपल्या गल्लीच्या मागं आहे. अजून पोरं आहेत, रुक्माची पोर तिथंच जाती. पण ती वही नक्को. वही दिसली की लोक खरं दाखवत नाहीत. माझ्याकडं दे."

संध्याकाळी दुकानात परतल्यावर त्यांनी वही ड्रॉवरमध्ये, अस्तराच्या तुकड्यांखाली ठेवली आणि रुक्माला मोठ्यानं सांगितलं, "ही सांगलीची आहे. तुझं सगळं कळतंय तिला."

रुक्माच्या हातातली सुई तशीच राहिली. "अय्यो देवा! शुक्रवारपासनं?"

मी मान हलवली.

"मग बोलायचं की, बाई! मी काय काय बोलली असेन!" आणि मग, जरा वेळानं, स्वतःशीच, "पण ही बोलली नाही ते नाहीच."

सोमवार, अक्कांची शाळा

बैठी कौलारू इमारत, मधे अंगण, अंगणात कडुनिंब. एका भिंतीला ओल होती. दोन नळांपैकी एक बंद. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मी काही भाळून परत आले नाही. आमची शाळा रंगरंगोटीत आणि पुस्तकांत हिच्यापेक्षा उजवी आहे. आमच्या वाचनखोलीसारखं इथं काही नाही. तिसरीच्या मुलांची गणितं मी बघितली, ओवी त्यांच्या पुढं आहे. एवढा अभिमान मी परत आणला आहे आणि तो सोडणार नाही.

सकाळी दूध असतं. मुलं घरून स्टीलचे ग्लास घेऊन येतात आणि ओळीत बसून पितात. मधल्या सुट्टीत भात आणि सांबार, शिवाय अंडं. वाढणारी बाई प्रत्येकाला विचारते: अंडं की केळं? प्रत्येकाला, दरवेळी, उत्तर माहीत असलं तरी. आमच्या खिचडीची चव सरस आहे, पण आमच्याकडं असं कुणी विचारत नाही.

पहिली, दुसरी आणि तिसरी एकाच मोठ्या खोलीत बसतात, बुटक्या टेबलांभोवती गोल करून. भिंतीवर एक शिडी रंगवलेली आहे आणि तिच्या पायऱ्यांवर चित्रं. प्रत्येक मूल आपण कुठल्या पायरीवर आहोत ते बघतं, त्या चित्राचं कार्ड मांडणीतून स्वतः काढतं आणि बसतं. तिसरीतलं मूलही पहिल्या पायरीवर असू शकतं. त्याला कुणी पहिलीत नेऊन बसवत नाही. वर दोऱ्या ताणलेल्या, त्यांना मुलांचे कागद लटकवलेले. पंखा लागला की सगळं छत सळसळतं.

गीता मिस पस्तिशीच्या असतील, केसांत मोगऱ्याचा गजरा, आवाज बारीक. अक्कांनी फाटकातूनच कन्नडमध्ये सगळं ओरडून सांगितलं होतं: हिची मुलगी, आठ वर्षं, मराठी, कन्नड शून्य. मी मनात वाक्य तयार करत होते तेव्हा मिस काहीतरी बोलल्या आणि अक्का हसल्या.

"मिस म्हणतात, उभं राहून काय कळणार? बस खाली."

मी बसले. वही नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं कळेना. बाजूला एक दोन वेण्यांची मुलगी सरकली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"मी गौरी. दुसरी," ती म्हणाली. "माझी अम्मा म्हणती, तू बोलतच नाहीस."

रुक्माची पोर! मला काही सुचायच्या आत समोरच्या टेबलावरचा एक अगदी लहान मुलगा उठला. तो दाराशी गेला. तिथं खिळ्याला सुतळीत ओवलेली एक लाकडी पट्टी टांगलेली होती. ती त्यानं गळ्यात घातली आणि बाहेर गेला. कुणी वर बघितलं नाही. थोड्या वेळानं परत आला, पट्टी खिळ्याला अडकवली आणि आपल्या कार्डाशी बसला. पुढं एक मुलगी गेली. तसंच.

"हे काय आहे?" मी गौरीला विचारलं.

"सू लागली तर. पट्टी नसली तर कोणतरी गेलंय, मग थांबायचं."

"मिसना विचारायचं नाही?"

गौरीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला मोठं होऊनही काही कळत नाही. "कशाला विचारायचं? सू आपली असती."

मी अक्कांना म्हटलं, मिसना विचारा, हा नियम शाळेचा की त्यांचा स्वतःचा. मिसनी ओढणी सारखी केली. थोडं कन्नड, थोडं हिंदी असं मलाच उत्तर दिलं. वर्गात घरी उर्दू बोलणारी मुलं आहेत, तमिळ बोलणारी आहेत, बिहारहून आलेली दोन आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी भाषा कुठून आणायची? वाक्य हळूहळू येईल. पोट थांबत नाही. म्हणून त्यांनी पट्टी करून घेतली. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. त्या दुसऱ्या टेबलाकडे वळल्यासुद्धा.

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. हात लागून लागून लाकूड गुळगुळीत झालं होतं. अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांना नरसीपूर आठवत होतं, हे मला ठाऊक होतं. उजव्या रकान्यात हे कुठं लिहिलं असतं मी? त्याला ओळच नव्हती.

"आता कार्ड घे," गौरी म्हणाली. "तू पहिल्या पायरीवर."

माझ्यासमोर कार्ड आलं. मुलगी, दप्तर, घर. गौरीनं बोट ठेवून वाचलं आणि मी मागून म्हटलं. 'नन्न तंगी मनेगे बरुत्ताळे.' नन्न म्हणजे माझी. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मनेगे, घरी. बरुत्ताळे म्हणजे येते, किंवा येणार. गौरीच्या मते दोन्ही एकच. मी चुकले की ती हसत नव्हती, फक्त बोट परत पहिल्या शब्दावर नेत होती. तिनं माझ्याकडून सहा वेळा म्हणून घेतलं.

मग कागद दिला. नियम असा, की चित्र काढायचं, आपलं वाक्य उभं राहून सगळ्यांना सांगायचं आणि कागद दोरीवर. मी चित्र काढलं. पाठीवर दप्तर, एक वेणी सुटलेली, तोंड उघडं, कारण ओवीचं तोंड मिटलेलं मला आठवेना.

"ही तुझी तंगी?"

"नाही. माझी मुलगी."

"मग मगळु म्हण," गौरी म्हणाली. "आणि घर कुठं काढलंस? हे तर झाड आहे आमचं."

"घर नाही. ही शाळा काढली आहे."

"ई शाले," तिनं मला देऊन टाकलं. ही शाळा. "शालेगे म्हण. ऊठ आता."

मी उठले. बुटक्या टेबलाला गुडघा आपटला. तीस-एक मुलं माझ्याकडे बघत होती, मिस बघत होत्या, आणि दारात, दुकान सोडून, पोरीचा विसरलेला ग्लास द्यायला आलेली रुक्मा उभी होती. मी सवयीनं मनात वाक्य तपासायला घेतलं. पहिला शब्द बरोबर असावा, दुसरा बहुतेक, पुढच्यांची खात्री नव्हती. कुणी घाई केली नाही. वरचे कागद सळसळत होते. एक मूल पट्टी गळ्यात घालून बाहेर निघालं होतं, तेही दाराशी थांबलं, ऐकायला.

कागद छातीशी धरून मी म्हणाले,

"नन्न मगळु ई शालेगे बरुत्ताळे."